आठ जीबीत मावलेला हत्ती

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्यांनी या म्हणीत तिसरी भर घालायला हरकत नाही : व्हर्च्युअल मशीन पाहावं चालवून! पहिल्या दोन गोष्टींचा अनुभव मला नाही. तिसरीचा मात्र पूर्ण एक पावसाळा घेतला आहे, आणि तोही उमेळ्याच्या आमच्या घरात, जिथे पाऊस म्हटलं की वीज जाणं ओघानं आलंच.

मित्रहो, ज्यांच्या ब्रँचला हा विषय नाही त्यांच्यासाठी (सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी रागावू नये) थोडक्यात सांगते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या कॉम्प्युटरनं ठेवलेला पोटभाडेकरू. घर एकच, पण आतली एक खोली त्याला दिलेली. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, डिस्क वेगळी, पत्ताही वेगळा. त्याला वाटतं आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. प्रत्यक्षात पाणी, वीज, जागा सगळं मूळ मालकाचं. वसई-विरारच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ही कल्पना नवीही नाही. आयबीएमनं एका मोठ्या यंत्राचे असे भाग पाडून अनेकांना वापरायला देण्याचं काम १९६० च्या दशकातच सुरू केलं होतं आणि १९७२ साली व्हीएम/३७० नावानं ते बाजारात आणलं. म्हणजे आपले सर जन्मले नव्हते (किंवा नुकतेच जन्मले होते!) तेव्हापासून पोटभाडेकरू आहेत.

आता या खोलीत मला ठेवायचा होता हत्ती. हडूप! गूगलनं २००३ साली आपल्या फाइल सिस्टिमवर आणि २००४ साली मॅपरिड्यूसवर पेपर प्रसिद्ध केले. त्यावरून डग कटिंग आणि माइक कॅफेरेला यांनी हे सॉफ्टवेअर उभं केलं आणि २००६ साली त्याला स्वतंत्र नाव मिळालं. नाव कसलं, तर कटिंगच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं. तत्त्व सोपं आहे. एक अजस्र यंत्र विकत घेण्यापेक्षा शेकडो साधी यंत्रं घ्या, माहितीचे तुकडे करून त्यांच्यावर पसरा, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवा आणि माहिती प्रोग्रामकडे ओढत नेण्यापेक्षा प्रोग्रामच माहितीकडे पाठवा.

या हत्तीचं आणि महाराष्ट्राचं नातं जुनं आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला होता. मार्च २००८ मध्ये याहू आणि या संस्थेचा करार झाला, तो याच यंत्रावर हडूपसारख्या प्रणाली चालवून संशोधन करण्यासाठी. एकाचे प्रोसेसर १४,४०० आणि मेमरी २८ टेराबाइट! पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या आधारच्या पडद्यामागेही हडूपच्या कुळातली मंडळी कामाला होती.

आणि माझ्याकडे? आठ जीबीचा लॅपटॉप, ज्याची बॅटरी कधीच स्वर्गवासी झाली होती.

"मग क्लाउडवर का नाही करत?" असं रूम पार्टनरनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण क्लाउडला आधी कार्ड लागतं, नंतर बिल येतं, आणि सुरू ठेवून विसरलेलं यंत्र रात्रभर मीटर पाडत राहतं. शिवाय नेटही सतत हवं. "मग डॉकर?" तेही करता आलं असतं, पण विंडोजवर डॉकर स्वतःच आतल्या आत एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर बसलेलं असतं. पोटभाडेकरू टळत नाही, फक्त दिसत नाही. मला तो दिसायला हवा होता.

काम काय होतं तेही सांगते. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशभरच्या रोजच्या पावसाची माहिती चौकटीनिहाय मिळते, १९०१ सालापासून. देशाचा नकाशा पाव अंशाच्या चौकटींत विभागलेला : १३५ उभ्या, १२९ आडव्या, म्हणजे १७,४१५ चौकटी, आणि प्रत्येकीत रोजचा एक आकडा. माझ्या प्रोजेक्टचा विषय होता 'अतिवृष्टीच्या दिवसांचा शोध'. पण त्यामागचा खरा ग्राहक घरातच होता. आमच्या घराचं जोतं उचलायचं चाललं होतं. गवंडी म्हणत होता दीड फूट, शेजारचे काका म्हणत होते अडीच. प्रत्येक अर्ध्या फुटाचे पैसे वेगळे. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या, तेव्हा आमच्याकडेही पाणी घरात आलं होतं. बाबा म्हणाले, "तू एवढं शिकतेस, तर एक सांग. असा पाऊस वारंवार येतो की तेव्हाच आला?"

आता हिशेब बघा. एका वर्षाची फाइल साधारण २५ एमबीची. १९०१ ते २०२० धरली तर १२० फाइली, सगळ्या मिळून तीन जीबी. "एवढंच?" असं वाटेल. पण या बायनरी फाइलीत एक आकडा चार बाइटमध्ये बसतो. तोच तारीख, अक्षांश, रेखांशासकट ओळीत लिहिला की तीसेक बाइट होतात. ओळी ७६ कोटी! तीन जीबीचे बघता बघता तेवीस जीबी. उपाय मात्र साधाच आहे. देशाच्या सीमेबाहेरच्या, समुद्रातल्या चौकटींत उणे ९९९ भरलेलं असतं. त्या ओळी लिहायच्याच नाहीत. हत्तीला घरात आणण्याआधी धान्य पाखडून घ्यायचं, एवढीच गोष्ट.

खरी कसोटी मेमरीची. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ज्यानं केली त्याच्याकडे आठ जीबीचाच लॅपटॉप असणार. चार जीबी विंडोज आणि ब्राउझरला, चार पोटभाडेकरूला. त्या चारात लिनक्स (डेस्कटॉप नसलेलं, नुसत्या काळ्या पडद्याचं) आणि हडूपचे पाच जावा प्रोसेस. प्रत्येकाला २५६ एमबीची मर्यादा घातली की सव्वा जीबी तिथे गेले. उरले जेमतेम दोन जीबी, प्रत्यक्ष कामासाठी.

आणि इथेच हत्तीचा स्वभाव कळतो. त्याच्या यार्न नावाच्या व्यवस्थापकाला काहीच सांगितलं नाही तर तो गृहीत धरतो की यंत्रात ८,१९२ एमबी आहेत. खोली किती मोठी आहे हे तो आपणहून बघत नाही! बरं, त्याला सांगितलं की बाबा रे, दोनच जीबी आहेत, तर दुसरी गंमत. प्रत्येक कामावर एक मुकादम नेमला जातो. मूळ सेटिंगमध्ये त्याची मागणी १,५३६ एमबीची. जागा १,०२४ च्या पटीत मिळते, म्हणून त्याला मिळतात २,०४८. सगळी खोली मुकादमानंच अडवली, कामगारांना उभं राहायला जागा नाही! पडद्यावर 'मॅप शून्य टक्के' असं दिसत राहतं, एरर मात्र येत नाही. आमच्या लॅबमधले काका हे बघून म्हणाले, "अगं, हे तर आपल्या सरकारी कामासारखं झालं." मुकादमाला ५१२ आणि किमान वाटणीही ५१२ केली की एका मुकादमाच्या हाताखाली तीन कामगार बसतात आणि काम हलतं. १४,४०० प्रोसेसरच्या जागी तीन कामगार! पण गणित तेच.

प्रतींचंही तसंच. हडूप प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती मागतं आणि त्या तीन वेगळ्या यंत्रांवर हव्यात. आपल्याकडे यंत्र एकच. मग ते एकच प्रत ठेवतं आणि प्रती कमी आहेत अशी कुरकुर करत राहतं. तिथे 'एक' असं लिहून दिलं की शांत होतं. पण लक्षात ठेवा, त्या क्षणी हडूपचं मोठं आश्वासन आपण सोडून दिलेलं असतं. एक यंत्र पडलं तरी माहिती वाचेल, हे इथे खरं नाही. इथे एकच यंत्र आहे आणि ते उमेळ्यात आहे.

जुलैच्या एका संध्याकाळी ते पडलंच. चाळीस वर्षांच्या फाइली चढल्या होत्या, एक्केचाळिसावी चालू होती आणि वीज गेली. यूपीएस नाही, बॅटरी नाही. पडदा काळा. आजी मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, "गेला का गं तुझा हत्ती?"

हत्ती गेला नव्हता, पण सेफ मोडमध्ये बसला होता. म्हणजे वाचू देईन, पण काही लिहू देणार नाही. सुरू होताना ९९.९ टक्के तुकड्यांची हजेरी लागेपर्यंत तो असाच बसतो. सगळे तुकडे शाबूत असतील तर अर्ध्या-एक मिनिटात उठतो. काही खराब झाले असतील तर उठतच नाही. तेव्हा तपासणीचा हुकूम देऊन कोणती फाइल बिघडली ते काढायचं, सेफ मोड हातानं उठवायचा, ती फाइल पुसायची आणि पुन्हा चढवायची. हे वीस मिनिटांत झालं, कारण मूळ फाइली पोटभाडेकरूच्या खोलीत नव्हत्याच. त्या लॅपटॉपच्या मुख्य डिस्कवर होत्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला पहिला नियम हाच : मौल्यवान वस्तू पोटभाडेकरूकडे ठेवायची नाही. मूळ माहिती बाहेर, प्रोग्राम बाहेर, आत फक्त काम.

या नियमाला आणखीही कारणं आहेत. हडूपचं मूळ सेटिंग माहिती '/टीएमपी' मध्ये ठेवतं आणि उबुंटूसारखी लिनक्स ती जागा दर बूटला झाडून काढते. काल होतं, आज नाही! म्हणून साठवणीची जागा पहिल्याच दिवशी बदलायची. दुसरं, व्हर्च्युअल डिस्क वाढते पण आपणहून आकसत नाही. आत दहा जीबी पुसले तरी बाहेरची फाइल तेवढीच राहते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी म्हण आहे. इथे हत्ती गेला तरी गोठा तेवढाच अडलेला. आतली रिकामी जागा शून्यांनी भरून नंतर बाहेरून डिस्क दाबून घ्यावी लागते.

तिसरं म्हणजे स्नॅपशॉट. बटण दाबलं की यंत्राची आत्ताची अवस्था जपून ठेवली जाते. मोह होतो रोज एक काढायचा. पण प्रत्येक स्नॅपशॉट म्हणजे मूळ डिस्कवर रचलेला फरकांचा थर असतो. दहा थर झाले की डिस्क भरते, आणि खालचा थर खराब झाला तर वरचे सगळे गेले. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो चालू यंत्राचा न काढता, हडूप नीट बंद करून काढावा, आणि एकावर दुसरा आला की पहिला उडवावा.

नेटवर्कची कथा हॉस्टेलवाल्यांना जवळची वाटेल. पोटभाडेकरूला थेट वाय-फायवरचा पत्ता दिला तर तो हॉस्टेलमध्ये एक असतो आणि उमेळ्याला दुसरा. शुक्रवारी संध्याकाळी नायगावला उतरून घरी येऊन लॅपटॉप उघडावा, तर हत्तीला स्वतःचाच पत्ता सापडत नाही! म्हणून बाहेरचं नेट नॅटमधून द्यायचं आणि आपल्या आपल्यात बोलायला वेगळा होस्ट-ओन्ली मार्ग, जिथला पत्ता कुठेही बदलत नाही. आणखी एक : जुन्या पुस्तकांत हडूपचं पान ५००७० या पोर्टवर उघडा असं लिहिलेलं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये हडूप ३ आलं, तेव्हापासून ते ९८७० वर आहे. उगाच ब्राउझरला दोष देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा तयार मशीन का नाही घ्यायचं? पूर्वी तसंच करत. क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स या दोन कंपन्या शिकणाऱ्यांसाठी सगळं बसवलेलं व्हर्च्युअल मशीन देत असत. अनेक गावच्या मुलांनी पहिला हडूप त्यावरच पाहिला. जानेवारी २०१९ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ती मशिनं मागे पडली. हॉस्टेलमध्ये अजूनही कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर जुनी प्रत सापडते. (ती पेनड्राइव्हवर घ्यायला जाल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट-३२ घेत नाही, हेही ज्ञान त्यातूनच मिळतं!) पण तयार मशीन म्हणजे आयतं जेवण. चव कळते, कृती कळत नाही. आणि खानावळ बंद झाली की उपाशी.

म्हणून मी कृती लिहून ठेवली. व्हेग्रंट नावाचं एक साधन २०१० पासून आहे. एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहायचं : लिनक्स कोणतं, मेमरी किती, पत्ता काय, कोणता जावा (हडूप ३.३ ला आठ किंवा अकरा चालतो, सगळ्यात नवा घेऊन भागत नाही), कुठली सेटिंग कुठे. मग एक हुकूम दिला की यंत्र उभं राहतं, दुसरा दिला की मोडतं, पुन्हा पहिला दिला की तसंच्या तसं उभं! वीज जाऊन आतलं काही बिघडलं तरी काळजीचं कारण उरलं नाही. ऑगस्टमध्ये तर मी दर रविवारी मुद्दाम सगळं मोडून नव्यानं उभं करत असे. जे पुन्हा बांधता येतं ते जपत बसावं लागत नाही, हे मला या विषयातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

व्हायव्हाला सरांनी नेमका प्रश्न विचारला, "तीन जीबीसाठी हत्ती कशाला? हे काम साध्या प्रोग्रामनं होत नाही का?" होतं. अगदी सहज होतं, आणि कदाचित लवकर होतं. मी तसं सांगितलंही. पण पोहायला शिकताना कुणी समुद्रात नेऊन सोडत नाही. आधी विहीर, कमरेला भोपळा. हत्तीची रीत, त्याची मेमरीची भूक, त्याचं रुसणं हे सगळं एका खोलीत कळलं, तर उद्या हजार यंत्रांसमोर उभं राहताना हात थरथरणार नाहीत. सर हसले. मार्क किती दिले ते निकालात कळेल.

आणि बाबांचा प्रश्न? आमच्या चौकटीतले सर्वाधिक पावसाचे चाळीस दिवस काढून, त्यांची यादी छापून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी २६ जुलै २००५ शोधला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही २७ ला बघा." हवामान विभागात पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि मोजल्याच्या तारखेला लिहितात. सांताक्रूझचे प्रसिद्ध ९४४ मिलिमीटरही २७ च्या सकाळी मोजलेले. हे कळल्यावर त्यांचा यादीवर विश्वास बसला.

मग ते म्हणाले, "पाऊस मोजलास. पाणी कुठे मोजलंस?"

मी गप्प. कारण ही चौकट सत्तावीसेक किलोमीटरची. तिच्यात उमेळे, नायगाव, वसई सगळं एकत्र येतं. आमच्या अंगणात पाणी किती चढलं हे पुण्याच्या फाइलीत कसं असणार? तेव्हा आजी पुढे झाली. तिनं चष्मा लावला, पेन्सिल मागितली, आणि गेल्या काही वर्षांच्या तारखांपुढे खुणा करायला बसली. ह्या दिवशी पाणी आलं होतं. ह्या दिवशी नाही, नुसता पाऊस. ह्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, कारण भरती होती. खाडीला भरती असली की पाणी ओसरत नाही, हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. तिच्या खुणांत काही मोठ्या पावसांपुढे फुली होती आणि काही त्याहून लहान पावसांपुढे बरोबरची खूण. जोतं किती उचलायचं हे शेवटी मागच्या दाराच्या चौकटीवर २०१८ च्या पाण्यानं सोडलेली रेघ टेपनं मोजून ठरलं; ते अडीच फूट निघालं. गवंडी थोडा नाराज झाला, पण रेघेशी वाद घालता आला नाही.

असो. पुढच्या सेमिस्टरला भरती-ओहोटीच्या वेळा आणि आजीच्या खुणा पावसाशी जोडायच्या आहेत. हत्ती तयार आहे. कुणाला आपल्या गावासाठी हेच करून बघायचं असेल तर माझी कृतीची फाइल लॅबमधल्या काकांकडे ठेवली आहे, पेनड्राइव्ह घेऊन या. आणि घाबरू नका, फॅट-३२ चालेल. सगळा हत्ती चार केबीत मावतो.